धरणीमाय सगळे पचवते काय?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या देवळात समाराधना झाली. पंगती उठल्या, पानसुपारी झाली आणि नेहमीप्रमाणे ओसरीवर चार माणसे बोलत बसली. भात फार उत्तम होता, असे कोणी म्हणाले. तांदूळ कोठचा, असे दुसऱ्याने विचारले. शहापूर शिवारातला, बळ्ळारी नाल्याच्या काठचा, असे उत्तर आले. ते ऐकून एका तरुण मुलीने नाक मुरडले. तेव्हा आमच्यांत वयाने व मानाने वडील असलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, “अग, नाल्याचे पाणी काळे म्हणून तांदूळ काळा होतो काय? धरणीमाय सगळे पोटात घेते आणि सोने करून परत देते. पीक बघ कसे हिरवेगार उभे असते!” सर्वांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहिलो. पंगतीनंतर वडीलधाऱ्यांची उलटतपासणी घेणे बरे दिसत नाही. परंतु त्या मुलीचे मुरडलेले नाक मला दिसत राहिले. ह्या वादात खरी बाजू तिची होती आणि तिची वकिली करणारा एक वकील तेथे बसलेला असूनही मुकाट राहिला होता. त्या दिवशी न दिलेले उत्तर आज लिहून देत आहे.

हा प्रश्न केवळ नाल्याकाठच्या दहापाच शेतकऱ्यांचा आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. शहापूर ही एके काळी सांगली संस्थानची पेठ. बेळगावला खेटून असलेली, विणकरांची आणि सराफांची. येथल्या मागांवरची शहापुरी साडी महाराष्ट्रात आणि कोकणात घरोघर गेली. पेठेच्या पलीकडे शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, हलगा अशी शिवारे पसरलेली. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा आणि पाण्याची सोय असेल तेथे बारमाही भाजी, हा येथला जुना क्रम. बेळगावच्या बासमतीचे नाव ह्याच मातीने मोठे केले. ह्या शिवारांतून बळ्ळारी नाला वाहतो आणि पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी ह्याच नाल्यातून वाहत आले, आणि उन्हाळ्यात दुसरे पाणी नसल्यामुळे शेतकऱ्याने त्यावर पंप बसवून भाजी पिकवली. पावसाळ्यात जलपर्णीने आणि गाळाने तुंबलेला हाच नाला न बोलावता भातशेतांत शिरतो. ही भाजी जाते कोठे? बेळगावच्या बाजारात तर जातेच, पण रोज पहाटे घाट उतरून गोव्यातही जाते. तेव्हा हे मासिक फोंड्याला किंवा मडगावला वाचणाऱ्या आमच्या कोंकणी बांधवांनी हा लेख शहापूरकरांचे गाऱ्हाणे म्हणून बाजूस ठेवू नये. त्यांच्या ताटातल्या भाजीचाही प्रश्न ह्यात आहे.

आता वडिलांच्या विधानाकडे वळू. ते विधान सर्वस्वी खोटे असते तर खोडून काढणे सोपे होते. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच अधिक घातक आहे. प्रथम त्यातील सत्याला त्याचा मान देणे हे प्रामाणिक वादाचे कर्तव्य होय.

धरणी पचवते, हे खरे आहे. सकस मातीच्या एका चिमटीत अब्जावधी जिवाणू नांदत असतात. शिवाय बुरशी, कृमी, गांडुळे ही निराळीच. पालापाचोळा, शेण, मैला, मेलेले जीव ह्या सर्वांना ही प्रजा खाते, फोडते आणि वनस्पतीच्या मुळांना घेता येईल अशा रूपात आणून ठेवते. शेणातले किंवा मैल्यातले नत्र पिकाला बव्हंशी जसेच्या तसे उपयोगी नसते. एका जातीचे जिवाणू त्याचे अमोनिया करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्राइट आणि तिसऱ्या जातीचे नायट्रेट. मग मूळ ते पिते. स्फुरदाची गोष्ट आणखी बिकट. तांबड्या आम्ल मातीत ते लोह व ॲल्युमिनियम ह्यांच्याशी जखडून बसते, काळ्या मातीत चुन्याशी. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस तांबडी जमीन आणि पूर्वेस काळी. म्हणजे ही अडचण आपल्या दोन्ही अंगांस आहे. हे जखडलेले स्फुरद सोडवून आणण्याचे काम मुळांशी सोयरीक करून राहिलेली बुरशी करते. तिचे सूत मुळाच्या पलीकडे दूरवर जाते, तेथून स्फुरद आणते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. हा मातीतला बाजार आपल्या खडेबाजारापेक्षा अधिक सचोटीने चालतो, असे म्हणावयास हरकत नाही.

वनस्पतीला एकंदर 17 मूलद्रव्ये लागतात. कार्बन, हायड्रोजन व प्राणवायू ही तीन हवापाण्यातून मिळतात. उरलेली 14 मुख्यतः मातीतून. नत्र, स्फुरद, पालाश अधिक मापाने लागतात. जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम गुंजभर. परंतु गुंजभर लागते म्हणून नसले तरी चालेल असे नाही. जर्मन पंडित कार्ल श्प्रेंगल ह्याने 1828 च्या सुमारास मांडलेला आणि पुढे लीबिगने प्रसिद्धीस आणलेला नियम असा की, पिकाची वाढ सर्वांत कमी पडलेल्या घटकावर ठरते. जस्त कमी असताना युरियाची पोती ओतणे म्हणजे आमटीत मीठ नाही म्हणून गूळ वाढवीत जाणे.

सांडपाण्यात नत्र आहे, स्फुरद आहे, पालाशही आहे. म्हणून नाल्याच्या पाण्यावर पीक तरारते, हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे, आणि ते मी मान्य करतो. घाणीतून खत करण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त कुणपजलाचे, म्हणजे कुजवून केलेल्या द्रवखताचे वर्णन आहे. होळकरांच्या इंदुरात सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी 1924 ते 1931 ह्या काळात आपल्या शेतकऱ्यांचे पाहून आणि त्याला शास्त्राची जोड देऊन कंपोस्टची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. घाण आधी कुजवायची, मग शेताला द्यायची. आणि घाण म्हणजे जे एकदा जिवंत होते तेच. ह्या अटीवर धरणीमाय सोने करून देते. वडिलांनी फळ पाहिले, अट पाहिली नाही.

येथपर्यंत आम्ही एका बाजूचे आहोत. येथून पुढे मतभेद आहे.

आजच्या शहराचे सांडपाणी हे आजोबांच्या काळचे सांडपाणी नव्हे. त्यात मैला आहे, तसाच साबण आहे; रंगाचे पाणी आहे, धातूवर मुलामा देण्याचे पाणी आहे, वापरलेले तेल आहे, फुटक्या बॅटऱ्यांचा अर्क आहे. जिवाणू मैला खातात, पण शिसे खात नाहीत. कॅडमियमचे तुकडे करून त्यातून दुसरे काही बनवण्याची शक्ती कोणत्याही जिवाणूत नाही, कारण ते मूलद्रव्यच आहे. मूलद्रव्य कुजत नाही, सडत नाही, जळत नाही. ते मातीतील चिकणकणांना आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटून वर्षानुवर्षे राहते आणि दरवर्षी नव्याने आलेले त्यावर चढत जाते. धरणीमाय ते पोटात घेते खरी, पण ते पोटात घेणे म्हणजे पचवणे नव्हे. आईने मुलाचे विष गिळले म्हणून विषाचे दूध होत नाही.

मिठाचा प्रकार निराळा. साबणातील आणि रंगकामातील सोडियम मातीत साठले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि खाली हवा जात नाही. मुळे गुदमरतात आणि त्यांच्याबरोबर हवेवर जगणारे उपकारक जिवाणूही. इतकेच काय, ज्या नत्राचे कौतुक चालले आहे तेही मापाबाहेर गेले की भात नुसता उंच वाढतो, ताटे मऊ पडतात, वाऱ्यापावसात पीक लोळते, करपा आणि तुडतुडे ह्यांना आयते रान मिळते आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. हिरवा रंग पुष्कळ आणि दाणा थोडा, हा अनुभव नाल्याकाठच्या शेतकऱ्याला विचारून पाहावा.

“पीक बघ कसे हिरवेगार!” ह्या पुराव्याची किंमत काय, ते आता पाहू. आम्हा वकिलांच्या धंद्यात एक मोठा धडा असा की, साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याला जे दिसणे शक्य नव्हते त्याविषयी त्याची साक्ष घेता येत नाही. हिरव्या पानाला कॅडमियम दिसत नाही. भाताचे मूळ मँगनीज आत घेण्यासाठी जे दार उघडते त्याच दाराने कॅडमियम आत शिरते. झाडाला दोघांतला भेद कळत नाही. झाडाला इजा होण्यापूर्वीच, म्हणजे पीक टवटवीत दिसत असतानाच, माणसाला अपायकारक होईल इतके कॅडमियम दाण्यात किंवा पानात जमू शकते. माती जितकी आम्ल तितके ते अधिक सुटते. पालेभाज्या ते विशेष उचलतात. भाताच्या खाचरात पाणी उभे असेतो ते बरेचसे गंधकाशी बांधलेले राहते आणि दाणा भरण्याच्या वेळी पाणी काढले की मोकळे होते. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत एका किलो पॉलिश तांदळात कॅडमियमची मर्यादा 0.4 मिलिग्रॅम ठरवलेली आहे. इतकी सूक्ष्म वस्तू डोळ्याने, नाकाने वा जिभेने ओळखता येत नाही. माणसाच्या मूत्रपिंडात शिरलेले कॅडमियम निम्मे बाहेर पडावयासही दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणून हिरवेपणा हा ह्या खटल्यात पुरावा नव्हे.

मग खरा साक्षीदार कोण? तो आपल्याच शेतात उभा आहे. त्याचे नाव मसूर.

भात निघाल्यावर आपले शेतकरी जी मसूर पेरतात, तिला नत्राचे खत फारसे लागत नाही. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतील नत्र बांधून झाडाला देतात. हे गुपित हेलरीगेल आणि विलफार्थ ह्या दोघा जर्मन संशोधकांनी 1886 ते 1888 ह्या काळात उघड केले. आपल्या पूर्वजांना नाव ठाऊक नव्हते, तरी भातामागून कडधान्य घ्यावे हे ठाऊक होते. फुलोऱ्याच्या सुमारास मसुरीचे रोप हळूच खणून काढावे, मुळे धुवावी आणि गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी किंवा तांबूस रंग दिसला तर जिवाणू कामावर आहेत. तो रंग आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याच्याच कुळातला. गाठ पांढरी वा हिरवट निघाली, किंवा गाठीच नसल्या, तर तेथे काहीतरी बिघडले आहे. बिघडण्याची कारणे अनेक असू शकतात. पण चौकशीस प्रारंभ करावयास एवढा आधार पुरे.

ह्या साक्षीदाराला मी इतके महत्त्व का देतो? इंग्लंडात वोबर्न येथे एका प्रयोगशेतीत 1942 ते 1961 पर्यंत जमिनीच्या काही तुकड्यांना शहरी मैल्याचा गाळ खत म्हणून घातला गेला. गाळात जस्त, तांबे, कॅडमियम होते. 1961 नंतर गाळ थांबला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तपासले तो धातू मातीत तसेच. आणि त्या तुकड्यांवरील क्लोव्हर ह्या चाऱ्याच्या द्विदल पिकाच्या मुळांवरील जिवाणूंची जी जात तगून राहिली होती ती नत्र बांधावयास निकामी ठरली. पीक खुरटले, कारण मातीतला कामकरी वर्गच नाहीसा झाला होता. त्या क्लोव्हरचा जिवाणू आणि आपल्या मसुरीचा व वाटाण्याचा जिवाणू ही एकाच जातीची दोन घराणी आहेत. म्हणजे इंग्लंडातील त्या शेतात जे घडले ते शहापूरच्या शिवारात घडणे अशक्य आहे, असे म्हणावयास कोणालाही जागा नाही.

आणि येथेच दुसरी एक गोड समजूत मोडावी लागते. “शुद्धीकरण केंद्र झाले की प्रश्न मिटला,” असे पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. हलग्याजवळ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रासाठी सुपीक जमीन घेण्यावरून शेतकऱ्यांनी किती विरोध केला, हे आपण सर्व जाणतो. घाणीपासून शेत वाचवण्यासाठी शेतच घ्यावे लागावे, ह्यातील विसंगती त्यांना दिसली आणि शहराला दिसली नाही. तरीही अशी केंद्रे हवीत, ह्याबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण त्यांचे काम मुख्यतः जैव घाण काढण्याचे. पाण्यातील धातू तेथे नाहीसे होत नाहीत. ते बव्हंशी गाळात बसतात. तो गाळ उद्या “उत्तम खत” म्हणून स्वस्तात शेतकऱ्याला वाटला गेला, तर आपण वोबर्नचा प्रयोग शहापुरात पुन्हा मांडला असे होईल, आणि ह्या वेळी प्रयोग माणसांवर होईल. कारखान्याचे व रंगशाळेचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळण्यापूर्वीच अडवले पाहिजे. दुधात मिठाचा खडा पडल्यावर दूध गाळून काय उपयोग?

हे भय अतिशयोक्तीचे वाटत असेल तर जपानकडे पाहा. तेथील तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकत असे. वरच्या अंगास कामिओका येथे खाण होती आणि तिच्यातील कॅडमियम नदीवाटे खाचरांत उतरत होते. पीक येत होते, लोक भात खात होते. पुढे विशेषतः प्रौढ व वृद्ध स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडावीत. त्या ज्या शब्दांनी विव्हळत, त्यांचा अर्थ “दुखतंय, दुखतंय”. तेच ‘इताई-इताई’ हे रोगाचे नाव पडले. 1968 मध्ये सरकारने प्रदूषण हे त्याचे कारण म्हणून मान्य केले. रहिवाशांनी खाणकंपनीवर दावा लावला, 1971 मध्ये तो जिंकला आणि 1972 मध्ये अपिलातही निकाल कायम झाला. परंतु निकालाने माती शुद्ध झाली नाही. शेते दुरुस्त करण्याचे काम 1979 मध्ये सुरू झाले ते 2012 मध्ये संपले. दूषित माती खाली गाडून वर नवी माती घालावी लागली. तेहतीस वर्षे! जपानसारख्या श्रीमंत व शिस्तीच्या देशाला जे इतके जड गेले, ते आपल्याला किती जाईल, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर राजस्थानातील बिछडी घ्या. कापडाच्या रंगात लागणारे एक रसायन तेथे बनत होते. त्याचा मळ उघड्यावर पडला, तो जमिनीत मुरला आणि विहिरी काळ्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, जो दूषित करील तो भरपाई करील, असे बजावले. कंपनीने अर्जांवर अर्ज करून काळ काढला आणि 2011 मध्ये चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा हुकूम न्यायालयाला करावा लागला. निकाल थोर होता. पण मातीला निकाल वाचता येत नाही.

आमच्या विणकर व रंगारी बांधवांनी ह्यावरून माझ्यावर रागावू नये. मी त्यांच्या पोटावर पाय देण्यास निघालेलो नाही. त्यांच्याच हिताचे बोलतो आहे. तिरुपूरच्या रंगशाळांचे खारट पाणी नोय्यल नदीत जाऊन खालच्या शेतकऱ्यांची शेते गेली, ते न्यायालयात गेले आणि 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने त्या रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. मालकांचे नुकसान झाले, पण हातावर पोट असणारे मजूर रस्त्यावर आले. न्यायालयाने टाळे ठोकण्यापूर्वी सर्वांनी मिळून सामायिक शुद्धीकरणाची सोय करणे स्वस्त पडते, हा तिरुपूरचा धडा आहे. लहान रंगाऱ्याला ती एकट्याने झेपणार नाही. म्हणून सरकारने व नगरसंस्थेने त्यात भांडवल घातलेच पाहिजे.

“नगरसंस्थेकडे पैसा नाही,” हे उत्तर तयारच असते. ह्या उत्तराचा निकाल 1980 मध्येच लागलेला आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा तेथील नगरपालिकेनेही पैशाची सबब सांगितली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ती फेटाळली. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे कर्तव्य रिकाम्या तिजोरीमुळे टळत नाही, हे त्या निकालाचे सार. ज्या कलमाखाली तो हुकूम निघाला, ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 152 वे कलम आहे आणि दंडाधिकाऱ्याचे दार ठोठावण्यास कोणालाही मनाई नाही. 1974 च्या जलप्रदूषणाच्या कायद्यात 24 व्या कलमात ओढा व विहीर ह्यांच्याबरोबर 1988 च्या दुरुस्तीने गटार आणि जमीन हेही शब्द आले. म्हणजे जमिनीवर विष सोडणे हा आपल्या कायद्याने निषिद्ध प्रकार आहे. दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम मात्र 2025 च्या जुलैत आले. संशयित जागांची नोंद करून त्यांची तपासणी व्हावी आणि खर्च दूषित करणाऱ्याने सोसावा, अशी त्यांत व्यवस्था आहे. जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा 1970 मध्येच केला होता. पंचावन्न वर्षे आपण हिरव्या पिकाकडे पाहत बसलो.

आता शासनाकडून स्वतःकडे वळू, कारण दुसऱ्याचे दोष दाखवून हात धुणे हे ह्या मासिकाच्या वाचकांना शोभणार नाही. आपण देवळाची माणसे. नैवेद्याचा भात सोवळ्यात शिजला पाहिजे, पाणी विहिरीचे पाहिजे, कोणाचा स्पर्श होता कामा नये, ह्याविषयी आपला कटाक्ष केवढा! कोंकणीत ज्याला आपण शीत म्हणतो त्या शिजल्या भाताच्या एका कणाचाही अवमान आपण होऊ देत नाही. पण तो दाणा ज्या पाण्यावर वाढला त्या पाण्याला सोवळे कोणी विचारले? स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर जे सोवळे सुरू होते आणि तेथेच संपते, ते सोवळे नव्हे, देखावा होय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र व थुंकी टाकण्यास मनाई आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग दंड सांगितला, आणि जलस्थान व देवालय येथे घाण करणाऱ्यास त्याहून पुष्कळ अधिक. सकाळी उठून भूमीला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची चाल आपल्या घरांत आहे. क्षमा मागणे चांगले; पण रोज क्षमा मागून रोज तोच अपराध करणारा आरोपी कोणत्याही न्यायालयात फार काळ टिकत नाही.

आपला अपराध कोणता? प्लॅस्टरच्या रंगीत मूर्ती आपण तलावांत विसर्जित करतो. प्लॅस्टर लवकर विरघळत नाही आणि स्वस्त रंगांत विषारी धातू असू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये ह्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2020 मध्ये त्या अधिक कडक केल्या. आपण मात्र मूर्तीची उंची मोजण्यात गुंतलो. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नाल्यात टाकतो. हेच निर्माल्य खड्ड्यात कुजवले तर देवळाच्या बागेला वर्षाचे खत होईल. आणि अखेरचे, थोडे कटू. ही भूमी कोणत्या राज्यात असावी ह्यासाठी 1956 पासून आपण झगडत आहोत. त्या झगड्याविषयी माझे मत ह्या वाचकांस ठाऊक आहे. पण ज्या भूमीवर इतके प्रेम आहे, तिची प्रकृती कशी आहे हे आपण एकदा तरी विचारले काय? कॅडमियमला मराठी कळत नाही आणि कानडीही कळत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. 2015 पासून सरकार शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका देते. तिच्यात बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका उपयुक्त आहे. पण तिच्यात शिसे नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही. मातीला काय कमी पडले ते ती सांगते, मातीत काय नको ते शिरले हे सांगत नाही. नाल्याकाठच्या प्रत्येक शिवारासाठी हे रकाने वाढवा, आणि केंद्रातून निघणाऱ्या गाळाचीही तीच तपासणी झाल्यावाचून एक टोपलीही शेतात जाऊ देऊ नका. दोष आढळला तर शिक्षा शेतकऱ्याला नको. त्याने विष निर्माण केले नाही, त्याच्या शेतात ते सोडले गेले. त्याला स्वच्छ पाणी आणि नुकसानभरपाई मिळाली पाहिजे.

आणि हे सर्व होईपर्यंत हात जोडून बसू नये. प्रत्येक देवस्थानाने एका वर्षाच्या एका उत्सवाच्या रोषणाईतून थोडी रक्कम काढावी आणि आपल्या भांडारात येणाऱ्या तांदळाचा व भाजीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अहवाल दोषरहित आला तर देवापुढे ठेवावा. सदोष आला तर दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावा. अर्ज लिहून देण्याचे काम ह्या लेखकाकडे लागले, आणि त्याची फी तो मागणार नाही.

आमच्या त्या वडील गृहस्थांना हा लेख मी छापण्यापूर्वी वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाल्याकाठी आमचाही एक तुकडा आहे. यंदा मसूर पेरली आहे. फुलावर आली की ये, आपण एक रोप उपटून पाहू.” मी जाणार आहे, आणि त्या मुलीलाही बरोबर नेणार आहे.